लिनक्सचा सातबारा: नव्या माणसाने सॉफ्टवेअर कसं टाकावं

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांचा लॅपटॉप चांगला चालणारा, पण विंडोज 11 त्यावर बसेना, आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. चालता लॅपटॉप भंगारात घालायला त्यांचा जीव होईना. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मिंट हा तिचा एक अवतार. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: "अरे, सेटअप उतरवून घेतलं, डबल-क्लिकही करतोय, पण पुढे काही होतच नाही. जरा येऊन बघ."

बघायला गेलो. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये एकाच डॉट ईएक्सई फाइलच्या पाच प्रती होत्या. जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी गूगलवर शोधलं, पहिल्या साइटवर गेले, मोठं हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं. असं पाच वेळा.

ईएक्सई ही विंडोजची भाषा आहे, लिनक्सला ती कळत नाही, एवढं सांगून मला गप्प बसता आलं असतं. पण मग काकांनी "लिनक्सचं सेटअप" शोधलं असतं, पुन्हा कुठल्या तरी साइटवर जाऊन. फाइल बदलली असती, सवय तीच राहिली असती. आणि नव्या माणसाचा घोटाळा होतो तो त्या सवयीपायीच.

मी त्यांना सातबाऱ्यावरून समजावलं. गावात जमिनीचा तुकडा कुणाचा, हे तलाठ्याच्या दप्तरात लिहिलेलं असतं. खरेदी झाली, वाटणी झाली, की फेरफार नोंद पडते. लिनक्समध्ये असा एक तलाठी प्रत्येक मशीनवर बसलेला असतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. सिस्टिमच्या भागातली कुठली फाइल कुठल्या सॉफ्टवेअरची, कुठल्या आवृत्तीची, ते कुणाच्या आधारावर उभं आहे, हे सगळं त्याच्या दप्तरात असतं. सॉफ्टवेअर टाकायचं तर त्याच्याकडे अर्ज करायचा. माल तोच आणतो, जागेवर तोच ठेवतो, नोंद तोच करतो. काढायचं म्हटलं की नोंदी बघून नेमक्या त्याच फाइली उचलतो. विंडोजवरही काढून टाकायची यादी असते, पण तिथे प्रत्येक कंपनीचा इन्स्टॉलर आपापली नोंद आपल्या पद्धतीने करतो, आणि जाताना काय मागे ठेवायचं तेही तोच ठरवतो.

काका म्हणाले, "म्हणजे इथे तलाठी लाच घेत नाही?" नाही घेत. पण पासवर्ड मागतो.

माल येतो कुठून, तर रिपॉझिटरीमधून. रिपॉझिटरी म्हणजे तुमच्या डिस्ट्रिब्यूशनचं कोठार. डिस्ट्रिब्यूशन म्हणजे लिनक्सचा तयार संच; मिंट, उबुंटू, डेबियन ही त्यांतली काही नावं. डिस्ट्रिब्यूशन चालवणारी मंडळी मूळ सॉफ्टवेअर घेतात, आपल्या सिस्टिमशी जुळेल असं बांधतात, त्यावर डिजिटल सही करतात आणि कोठारात ठेवतात. डेबियनच्या 12 व्या आवृत्तीच्या कोठारात अशी 64 हजारांहून जास्त पॅकेजेस होती. बाहेरच्या साइटवर जाऊन हिरवं बटण दाबायची वेळ खरोखर फार कमी येते. आणि ती सही महत्त्वाची. वाटेत कुणी फाइलीत फेरफार केला तर सही जुळत नाही आणि पॅकेज मॅनेजर ती नाकारतो. हिरव्या बटणाच्या साइटवर ही तपासणी कोण करणार?

आता प्रत्यक्ष काम. खाली आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं छोटी. मिंट, उबुंटू आणि डेबियन यांचा तलाठी एकच, त्याचं नाव ॲप्ट. पहिली आज्ञा:

सुडो ॲप्ट अपडेट

यातला 'सुडो' म्हणजे "हे काम मालकाच्या अधिकाराने कर". मग पासवर्ड मागितला जातो. मिंटमध्ये टाइप करताना चांदण्या उमटतात. डेबियनमध्ये काहीच उमटत नाही, आणि कीबोर्ड बिघडला असं वाटून माणसं घाबरतात. बिघडलेला नसतो. टाइप करून एंटर मारायचं. डेबियनमध्ये आणखी एक गंमत आहे. बसवताना तुम्ही 'रूट'चा, म्हणजे मशीनच्या मालक-खात्याचा, वेगळा पासवर्ड दिलात, तर तुमच्या नेहमीच्या खात्याला सुडोचा अधिकार मिळतच नाही. मग सिस्टिम धमकावते की तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही. उबुंटूवरून डेबियनला आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे अडखळतो. उपाय सोपा. 'एसयू -' ही आज्ञा देऊन रूट व्हायचं, 'ॲडयूजर', पुढे आपल्या खात्याचं नाव आणि 'सुडो' असं लिहायचं, मग लॉग-आउट करून परत यायचं.

'अपडेट' या शब्दाने मात्र सगळेच फसतात. अपडेटने एकही सॉफ्टवेअर नवं होत नाही. फक्त कोठाराची ताजी यादी आणली जाते: काय शिल्लक आहे, कुठली आवृत्ती आहे. माल खरोखर बदलतो तो 'सुडो ॲप्ट अपग्रेड'ने. यादी शिळी असेल तर तलाठी जुन्या आवृत्तीची फाइल मागायला जातो, कोठारात ती केव्हाच बदललेली असते, आणि पडद्यावर 404, म्हणजे 'फाइल सापडली नाही', असं येतं. म्हणून काहीही टाकण्याआधी एकदा अपडेट.

काकांना हवं होतं त्या कामासाठी टेसरॅक्ट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि त्याला मराठी येतं. मी ते काकांनाच टाइप करायला लावलं. त्यांनी आपल्या मनाने लिहिलं 'टेसरॅक्ट-ओसीआर-मराठी'. उत्तर आलं: अनेबल टू लोकेट पॅकेज. या नावाचं पॅकेज सापडत नाही.

हे वाक्य लिनक्सवर तुमच्या वाट्याला शंभरदा येणार आहे, म्हणून त्याचा अर्थ नीट घ्या. सॉफ्टवेअर अस्तित्वात नाही असं तलाठी म्हणत नाही. "माझ्या हातातल्या यादीत या नावाचं काही नाही" इतकंच म्हणतो. स्पेलिंग चुकलं असेल, यादी शिळी असेल, कोठाराचा तो विभाग बंद असेल (उबुंटूत मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स, मल्टिव्हर्स असे चार विभाग असतात आणि टेसरॅक्ट युनिव्हर्समध्ये आहे), किंवा नावच वेगळं असेल. नाव अंदाजाने मारण्यापेक्षा विचारावं:

ॲप्ट सर्च टेसरॅक्ट मराठी

शोधायला सुडो लागत नाही, कारण वाचायला परवानगी कशाला? यादीत नाव दिसलं: टेसरॅक्ट-ओसीआर-मार. शेवटचा 'मार' म्हणजे एम, ए, आर. भाषांची जी आंतरराष्ट्रीय तीन अक्षरी चिन्हं आहेत, त्यातलं हे मराठीचं. काका खूष. "मराठीला मार म्हणतात काय," म्हणून हसले आणि टाइप करू लागले:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार

पासवर्डनंतर पडद्यावर भराभर ओळी आल्या आणि शेवटी प्रश्न: डू यू वाँट टू कंटिन्यू? पुढे कंसात मोठा वाय आणि छोटा एन. मोठं अक्षर म्हणजे ठरलेलं उत्तर. नुसतं एंटर मारलं तरी 'हो' धरतात. काकांचं बोट एंटरवर गेलंच होतं. मी थांबवलं. हा प्रश्न म्हणजे खरेदीखतावर सही करण्याआधी ते वाचायची जागा आहे, आणि वाचायला अर्धं मिनिट लागतं.

वाचलं. आपण दोन नावं दिली होती, तो टाकणार होता जास्त. लिबटेसरॅक्ट म्हणजे मूळ इंजिन. लिबलेप्ट म्हणजे चित्र हाताळणारी लायब्ररी. शेवटी 'ईएनजी' असलेलं इंग्रजीसाठी, आणि 'ओएसडी' असलेलं पान उभं की आडवं, लिपी कुठली, हे ओळखण्यासाठी. यांना डिपेंडन्सी म्हणतात, म्हणजे एक पॅकेज ज्या दुसऱ्या पॅकेजांच्या आधारावर चालतं ती. पूर्वी ही साखळी माणसाला हाताने सोडवावी लागे. एक फाइल टाकायची, ती दुसरी मागणार, दुसरी तिसरी मागणार. 1993 साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियनमध्ये ॲप्ट आलं ते 1999 च्या 2.1 आवृत्तीपासून, आणि ही पायपीट संपली. आज आपण एक नाव सांगतो आणि बाकीचा गोतावळा तोच गोळा करतो.

पण त्या यादीत एक गोष्ट नेहमी बघायची: "पुढील पॅकेजेस काढली जातील" असा परिच्छेद आहे का? काही टाकताना काही निघणार असेल तर थांबा. नोव्हेंबर 2021 मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध कॅनेडियन यूट्यूबरने पॉप ओएस या डिस्ट्रिब्यूशनवर स्टीम हे गेमचं दुकान टाकायला घेतलं. पॅकेजांमधल्या एका चुकीमुळे ॲप्टने ठरवलं की स्टीम टाकायचं तर अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल. त्याने तसं पडद्यावर लिहिलंही, धोक्याची सूचना दिली, आणि पुढे जायचंच असेल तर "येस, डू ॲज आय से!" हे पूर्ण वाक्य टाइप करा म्हणाला. सेबॅस्टियनने टाइप केलं. डेस्कटॉप गेला, काळा पडदा उरला, आणि हे सगळं लाखो लोकांनी पाहिलं. चूक पॅकेजची होती, ती लगेच दुरुस्तही झाली, आणि ॲप्टच्या पुढच्या आवृत्तीत असं काही होणं अवघड करून ठेवलं. पण तलाठी कागद समोर धरून "नीट वाचा" म्हणत असताना सही ठोकणारे आपण सगळेच आहोत. मी स्वतः एकदा असाच कोऱ्या मनाने एंटर मारून वायफायचा ड्रायव्हर घालवला होता. मग तो परत आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला तो ड्रायव्हर हवा. शेवटी मोबाइल केबलने जोडून सुटलो.

काकांनी वाचून एंटर मारलं. मिनिटभरात झालं. मग त्यांच्या स्कॅनच्या फोल्डरमध्ये जाऊन आम्ही लिहिलं:

टेसरॅक्ट पान.पीएनजी पान -एल मार

आणि 'पान.टीएक्सटी' नावाची फाइल जन्माला आली. पिवळ्या पडलेल्या कागदावरचा मजकूर अक्षरांत. काही जोडाक्षरं चुकली होती आणि एका ठिकाणी शाईचा डाग विसर्ग म्हणून वाचला गेला होता. काका ताबडतोब लाल पेन शोधायला लागले.

हे सगळं टर्मिनलमध्येच करावं लागतं असं नाही. मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर' नावाचं दुकान आहे, तिथे शोधून बटण दाबता येतं, आणि दप्तर तेच. मी टर्मिनल शिकवतो ते एवढ्यासाठी की अडलं तर तिथला संदेश शब्दशः वाचता येतो, फोनवर सांगता येतो. दुकानाच्या खिडकीत नुसतं चक्र फिरत राहतं.

अडण्याचा एक ठरलेला प्रकार: "कुड नॉट गेट लॉक". याचा अर्थ, दप्तर सध्या दुसऱ्याच्या हातात आहे. बहुतेक वेळा मशीन स्वतःहून सुरक्षा अपडेट टाकत असतं. चहा करून या. इंटरनेटवर कुणी तरी "ती लॉकची फाइल उडवून टाका" असं सांगेल. ऐकू नका. दोघांनी एकाच वेळी एकाच वहीत लिहिलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

कोठारातली आवृत्ती जुनी दिसते, ही दुसरी तक्रार. कंपनीच्या साइटवर 9 आलं आणि आपल्याकडे अजून 7. हा आळस नाही, धोरण आहे. डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती एकदा निघाली की पॅकेजांचे आकडे गोठवतात आणि पुढे मुख्यतः दुरुस्त्या त्याच जुन्या आकड्यात भरतात. मार्च 2024 मध्ये या धोरणाचं मोल कळलं. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या ताज्या आवृत्त्यांत कुणी तरी चोरदरवाजा पेरला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत गेला आणि ते उघडकीला आलं. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत त्या आवृत्त्या पोचल्या होत्या. स्थिर शाखेत, म्हणजे "जुनाट" शाखेत, नव्हत्या.

तरीही एखादं सॉफ्टवेअर ताजंच हवं असतं. त्यासाठी फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे दोन मार्ग आहेत. हे दप्तर वेगळं. यांतली सॉफ्टवेअर आपला बराचसा गोतावळा स्वतःसोबत आणतात आणि सिस्टिमपासून थोडी अलग राहतात. म्हणून पहिलंच फ्लॅटपॅक टाकताना छोट्याशा सॉफ्टवेअरसाठी शेकडो एमबी उतरतात. घाबरू नका, तो पाया असतो, पुढची सॉफ्टवेअर तोच वापरू शकतात. उबुंटूत 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅपमधून येतो, तुम्ही ॲप्टने मागितला तरी. मिंटवाल्यांना हे पटलं नाही, त्यांनी 2020 च्या 20 व्या आवृत्तीपासूनच स्नॅप बंद करून ठेवलं आणि फ्लॅटपॅक दिलं. या भांडणात नव्याने पडायची गरज नाही. एवढंच बघा की एकच सॉफ्टवेअर दोन दप्तरांतून दोनदा टाकलेलं नाही ना. मेन्यूत व्हीएलसी दोन दिसले तर तेच झालंय. मिंट 22 च्या दुकानात पडताळणी न झालेली फ्लॅटपॅकं मुळात लपवलेली असतात. ती लपलेलीच राहू द्या.

उरलं ते अतिक्रमण. साइटवर लिहिलेलं असतं, "ही एक ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाका": कर्ल या उतरवणाऱ्या आज्ञेने कुठली तरी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, आणायची आणि थेट सुडो बॅशला, म्हणजे त्या आज्ञा चालवणाऱ्याला, पाजायची. ती स्क्रिप्ट मालकाच्या अधिकाराने वाट्टेल तिथे फाइली ठेवू शकते आणि सातबाऱ्यावर एकाही ओळीची नोंद होईलच असं नाही. पीपीए, म्हणजे कुण्या व्यक्तीने चालवलेलं खासगी कोठार, थोडं बरं. तिथे नोंद होते, पण भरवसा त्या एका माणसावर. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजेस आणणाऱ्या 'पिप'चंही असंच. डेबियन 12 पासून तो सिस्टिमच्या पायथॉनमध्ये हात घालायला नकार देतो आणि "एक्स्टर्नली मॅनेज्ड" असं काही म्हणतो. तो नकार तुमच्या भल्याचा आहे. त्यावर 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असा पर्याय आहे, आणि नावातच सगळं आलं. त्याऐवजी पिपएक्स किंवा व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट, म्हणजे सिस्टिमपासून वेगळी जागा, वापरा. आणि डेबियनची डेब फाइल (ॲप्टच्या पॅकेजची फाइल) उबुंटूवर, उबुंटूची डेबियनवर, असं आणून घालू नका. दिसायला सारखी, पण दोघांचा गोतावळा वेगळ्या आवृत्त्यांचा. आज बसेल, पुढच्या अपग्रेडला अडेल.

डिस्ट्रिब्यूशन बदललं की तलाठी बदलतो, कायदा तोच. माझ्या मावसभावाकडे फेडोरा आहे. तिथे तलाठ्याचं नाव डीएनएफ, आणि मराठीचं पॅकेज टेसरॅक्ट-लँगपॅक-मार. आर्चवर पॅकमन, आणि पॅकेज टेसरॅक्ट-डेटा-मार. सॉफ्टवेअर एकच, तीन ठिकाणी तीन नावं. म्हणून दुसऱ्या डिस्ट्रिब्यूशनसाठी लिहिलेली आज्ञा आंधळेपणाने टाकायची नाही, आधी सर्च. फेडोरात काही व्हिडिओ चालत नाहीत, कारण पेटंटच्या भीतीने त्यांचे कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे भाग, कोठारात ठेवतच नाहीत. त्यासाठी आरपीएम फ्यूजन नावाचं शेजारचं कोठार जोडतात. आर्चमध्ये यादी ताजी करून एकच पॅकेज टाकायचं नाही. 'सुडो पॅकमन -एसवाययू' देऊन (यात एस मोठा, वाय आणि यू छोटे) सगळंच ताजं करायचं, नाहीतर अर्धं घर नवं आणि अर्धं जुनं होऊन कुठे तरी भिंत खचते.

जाता जाता एक आज्ञा काकांना दाखवली:

डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/टेसरॅक्ट

यात एस मोठा. उत्तर आलं: टेसरॅक्ट-ओसीआर. म्हणजे ही फाइल या पॅकेजची. कुठल्याही फाइलीचा असा उतारा काढता येतो. पॅकेजचं नाव आलं नाही तर समजायचं, हे बहुधा दप्तराबाहेरून आलंय. आणि फेरफारांची वही असते /व्हार/लॉग/ॲप्ट/ मध्ये, हिस्टरी.लॉग नावाने. कुठल्या तारखेला काय टाकलं, काय काढलं, कुठल्या आज्ञेने. "काल चालत होतं, आज चालत नाही" असा फोन आला की मी पहिली ती फाइल वाचून दाखवायला सांगतो.

काकांनी तरी आपली स्वतःची वही घातलीच. शंभर पानी, रेघांची, वर 'लॅपटॉप' लिहिलेली. तारीख, पॅकेजचं नाव, कशासाठी. गेल्या आठवड्यात पाहिली तेव्हा सात नोंदी होत्या. पाचवी खोडलेली, आणि समोर लाल पेनने: काढले, फाँट बिघडत होता.